देव्हाऱ्यातलं नॉर्वे

फाल्गुन लागला की आमच्या सोसायटीत दरवर्षी एक तक्रार येते. नव्यानं राहायला आलेलं कुणीतरी सेक्रेटरीकडे जातं आणि सांगतं, कंपाउंडच्या मागे काहीतरी कुजलंय, गटार बघून घ्या. सेक्रेटरी सुरतेकडचा, त्यालाही कळत नाही. माणूस बोलावतात, फरशी उचलतात, फिनेल ओततात. मी खिडकीत बसून गंमत बघते. चार-पाच दिवसांनी मलाच दया येते आणि मी सांगते, अहो, ते गटार नाही, मोह आहे. भिंतीपलीकडे एकच झाड उरलंय, त्याची फुलं पडतायत.

कढईला लागलेल्या गुळासारखा तो वास. गोड, जड आणि जरासा आंबलेला. ज्याला सवय नाही त्याचं डोकं उठतं. माझं उठत नाही, पण त्या वासानं मला सकाळी सहा वाजताच जाग येते आणि मग दिवसभर घरात कुणीतरी लहान मूल असल्यासारखी मी हळू आवाजात वावरते. भांडं खाली ठेवतानासुद्धा जपून ठेवते. एकटी राहणारी बाई मी, भांडं आपटलं तरी दचकणार कोण? पण सवय म्हणून नव्हे, त्या एका हंगामाचं देणं म्हणून असं होतं, इतकंच मला कळतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही नाशिकहून दादरा-नगर हवेलीत, सिल्वासात आलो. इथे टॅक्स माफ होता म्हणून कारखाने आले आणि कारखाने आले म्हणून आम्ही आलो. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम होतं. कंपनीनं दिलेलं बैठं घर, पुढे दोन पपया, मागे ओटा. डावीकडे केरळचे, उजवीकडे राजस्थानचे, समोर कानपूरचे. सगळी माणसं भली. पण प्रत्येकजण मनानं बांधाबांध करूनच राहत होता. पाच वर्षं काढायची आणि आपल्या गावी जायचं. दारातून एकमेकींकडे बघून हसायचं, हिंदीत भाजीचे भाव विचारायचे, आणि दार लावून घ्यायचं. ह्यांची पाळी बदलती. ते घरी असले की झोपलेले असायचे. मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले होते, ही अतिशयोक्ती नाही.

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नाशिकच्या डॉक्टरांचे जिने चढून झाले होते. दत्तक घेण्याचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा हे पेपर वाचत राहिले. दुसऱ्या वेळी तर पेपर उलटा धरला होता, पण वाचत राहिले. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही.

रंजू आमच्याकडे आली ती गोवरामुळे. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नाशिकला एका अनाथाश्रमात कामाला होत्या. त्या वर्षी संक्रांतीनंतर तिथे गोवराची साथ पसरली. जी मुलं अजून आजारी पडली नव्हती त्यांना ओळखीच्या घरांमधून पांगवायचं ठरलं. वन्सं एसटीनं आल्या, काखेत एक पिशवी आणि कडेवर साडेतीन वर्षांची मुलगी. काळीसावळी, मोठ्या कपाळाची, आणि गंभीर इतकी की मला वाटलं ही आता माझ्याकडे रेशनकार्ड मागणार.

"शैला, दोन महिने सांभाळ," वन्सं म्हणाल्या. "हिचं सगळं ठरलंय. नॉर्वेचं जोडपं आहे, इंग्रिड आणि पेअर. दोन वर्षं वाट बघतायत. कोर्टाचा हुकूम झाला की येऊन घेऊन जातील."

"नॉर्वे? इथलं कुणी नाही मिळालं?"

"तीन घरांना दाखवली. एकाला मुलगा हवा होता, एकाला तान्हं हवं होतं. तिसऱ्यांनी कारणच सांगितलं नाही, पण हिच्या रंगाकडे बघून चहा तसाच ठेवून उठले."

मग त्यांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. बर्फात उभं असलेलं पिवळं लाकडी घर, त्यासमोर चष्म्यातली एक हसरी बाई, दाढीवाला उंच माणूस आणि दोघांच्या पायाशी एक तपकिरी कुत्रा. "हा फोटो हिला रोज दाखवायचा," वन्संनी बजावलं. "ठरलेल्या वेळी, न चुकता. ही आई, हे बाबा, तुला न्यायला येणार आहेत, असं सांगायचं. नाहीतर आयत्या वेळी पोरगी गोऱ्या माणसांना बघून किंचाळते आणि सगळ्यांचेच हाल होतात. मी पाहिलंय ते."

न चुकता आणि ठरलेल्या वेळी असं माझ्या घरात एकच काम होत होतं. अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायचा. म्हणून मी तो फोटो देव्हाऱ्यात ठेवला. स्वयंपाकघरातली ती एक लाकडी फळी, तिच्यावर माहेरचा बाळकृष्ण, सासरची अन्नपूर्णा आणि आता मागे भिंतीला टेकून इंग्रिड आणि पेअर. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "पायाशी कुत्रा आहे, चुकून दत्त समजून पूजा करशील." लखमी, माझी कामवाली, जवळच्या अथाल गावाहून चालत यायची, तिनं केरसुणी खाली ठेवून विचारलं, "बेन, हा कंचा देव?" आम्ही दोघंही हसलो. त्या वेळी हसू आलं खरं.

रंजू आठ दिवस बोललीच नाही. नवव्या दिवशी फोटोकडे बघून म्हणाली, "ते मिठात उभे हायत." मी म्हटलं, मीठ नाही, बर्फ आहे. तिनं आयुष्यात असा पडलेला बर्फ पाहिला नव्हता. मी तरी कुठे पाहिला होता? मग मीही म्हटलं, असेल बाई, मीठच असेल. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. ती मला मावशी म्हणायला लागली आणि ह्यांना काहीच म्हणायची नाही, नुसती त्यांच्या स्कूटरच्या आवाजाला दारात जाऊन उभी राहायची.

बाळकृष्णाला मी रोज चिमूटभर साखर ठेवायची. रंजूनं ते काम आपल्याकडे घेतलं आणि एक चिमूट फोटोपुढेही ठेवायला लागली. ठेवायची आणि मांडी घालून बसायची. बघत राहायची.

"मावशी, हे खात नाय."

मी पोळ्या लाटत होते. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "अगं, देव बघूनच जेवतात."

एवढंच. एका पोळीपुरतं बोलणं. तिनं मान डोलावली, हात जोडले, डोळे मिटले. मला ते इतकं गोड वाटलं की मी लखमीला बोलावून दाखवलं.

आणि मग मोहाचा हंगाम आला. होळीला इथले कारखाने ओस पडतात. वारली कामगार आपापल्या पाड्यांवर जातात, धुळे-नंदुरबारची पोरं ट्रकमध्ये बसून गावी जातात, आणि यंत्रांचा आवाज थांबल्यावर ऐकू येतं की इथे पाखरं किती आहेत. कॉलनीत आम्ही दोन-तीनच घरं उरलो. लखमी पहाटेच मोह वेचायला जायची आणि तशीच टोपली घेऊन आमच्याकडे यायची. तिचं झाड कुणा शेठनं विकत घेतलेल्या प्लॉटमध्ये होतं. शेठनं भिंत बांधली तेव्हा लखमीपुरती फट ठेवावी लागली, कारण फुलं तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्यांच्या घराची.

"झाड त्याचं, मग फुलं तुझी कशी?" मी विचारलं.

"झाड उबं हाय त्याचे जागेत," लखमी म्हणाली. "पन फुलं मीच येचते ना, बेन." एवढी साधी गोष्ट मला कळू नये याचं तिला नवल वाटलं.

मागच्या ओट्यावर चादर टाकून आम्ही ती फुलं वाळवायचो. ताजी असताना पिवळसर, फुगीर, दाबलं तर बोटाला चिकटणारी. रंजू दोन वेचायची आणि एक खायची. दुपारी तिच्या केसांना, फ्रॉकला, तळहातांना तो वास यायचा. मी तिला कुशीत घेऊन निजायची तेव्हा नाक तिच्या मानेत असायचं. हे लिहिताना हात थांबला माझा, पण लिहिलं ते बरं झालं.

फोटोतल्या माणसांकडे ती मागणी मागायला लागली होती. आधी कुत्रा पाठवा. मग लाल चप्पल द्या. ह्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं असावं. दोन दिवसांनी वापीहून येताना ह्यांच्या डब्याच्या पिशवीत लाल चप्पल होती, ती त्यांनी गुपचूप देव्हाऱ्याखाली ठेवली. रंजूनं सकाळी पाहिली आणि फोटोपुढे लोटांगण घातलं. ह्यांनी आणली वापीच्या बाजारातून, श्रेय गेलं नॉर्वेला. मी म्हटलं, सांगू का तिला? हे म्हणाले, "नको. राहू दे विश्वास." पण त्या रविवारी तिला स्कूटरवर पुढे उभी करून दादऱ्याच्या तलावाच्या बागेत नेलं, आणि येताना माणूस गाणं गुणगुणत होता. दहा वर्षांत मी ह्यांचं गाणं ऐकलं नव्हतं.

पेअरची पत्रं यायची. सोप्या इंग्रजीत, आम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लहान लहान वाक्यांत. हे वाचून दाखवायचे. त्यांनी तिच्यासाठी खोली रंगवली होती. जेवताना टेबलावर तिचं ताट मांडत होते. ("आपल्याकडे पितरांना वाढतात तसं," हे म्हणाले आणि मी डोळे वटारले.) एका पत्रात लिहिलं होतं, इंग्रिड दर रविवारी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावते. मला प्रार्थना करता येत नाही, मी कुत्र्याला घेऊन बाहेर उभा राहतो, पण ती बाहेर येईपर्यंत हलत नाही. ते वाक्य ह्यांनी दोनदा वाचलं. हेही देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहणाऱ्यांतले.

पाडव्याला वन्संनी नाशिकहून एसटीच्या पार्सलनं साखरेच्या गाठी पाठवल्या. लखमीनं बांबू आणला, आम्ही गुढी उभी केली, कॉलनीतली एकुलती एक. रंजूच्या गळ्यात मी गाठी घातली. थोड्या वेळानं आत आले तर ती स्टुलावर चढलेली आणि तिनं आपली गाठी काढून फोटोला घातलेली. हारासारखी, दोन्ही बाजूंनी नीट लोंबणारी.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कारण मनात आलं, ही माणसं नसतीच तर? विमानात बसलीच नाहीत, काही झालंच त्यांचं, तर ही पोरगी इथेच राहील. असा विचार केला मी. पाडव्याच्या दिवशी, देवापुढे उभी राहून. आणि मी ती गाठी काढली नाही.

दुपारी हे जेवायला आले, पाणी घ्यायला आत गेले, फोटो पाहिला. गाठी उचलली, रंजूच्या गळ्यात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुंग्या लागतील."

आठच दिवसांत वन्संचं पत्र आलं. तारीख पुढे गेली होती. कुठलासा एक दाखला कमी पडला. मेच्या सुट्टीआधी हुकूम झाला नाही तर कोर्ट जूनमध्ये उघडणार, आणि तोवर इंग्रिड-पेअरच्या कागदांची मुदत संपणार. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी शिकलेली बाई, बीए झालेली. साखरेच्या हारानं कोर्टाची तारीख पुढे जात नाही हे मला कळत होतं. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून नवस बोलायला देवापुढे उभी राहिले आणि काय मागायचं तेच ठरेना. हुकूम होऊ दे म्हणायला जीभ वळेना, होऊ नको दे म्हणायची लाज वाटली. ज्यांच्यासाठी मागायचं तेही तिथेच समोर उभे, मिठात, हसत. शेवटी नुसताच दिवा लावून आले. त्या दिवसांइतकी एकटी मी पुढे कधीच नव्हते, हे गेल्यावरसुद्धा नाही. हे गेले तेव्हा निदान माझं दुःख माझ्या बाजूचं होतं.

चैत्र सरता सरता कोर्टानं नेमलेल्या एक बाई घर बघायला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, घामानं भिजलेल्या. त्यांनी रंजूचं वजन केलं, दात मोजले, देव्हाऱ्यातला फोटो पाहून "छान, रोज नजरेला पडतो," असं म्हणाल्या आणि वहीत टिपून घेतलं. मग पन्हं पीत, सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही दोघंच का नाही अर्ज करत? भारतीय घराला आधी हक्क असतो. हुकूम झालेला नाही अजून. तुम्ही म्हणालात तर मी तसं लिहीन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हातात पेपर नव्हता. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. म्हणाले, "आम्हाला दोन दिवस द्याल?"

दहा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते हे वाक्य होतं. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून रंजूचा आवाज येत होता. ती फोटोला सांगत होती की डावी चप्पल चावते, पण चालेल, आणि तुम्ही येताना कुत्र्याला आणा. एखादा माणूस पोस्टात पत्र टाकून जितका निर्धास्त असतो तितक्या निर्धास्तपणे सांगत होती. तीन घरांनी तिला नाही म्हटलं होतं. ह्या दोघांवर तिनं विश्वास टाकला होता, आणि तो टाकायला तिला मी शिकवलं होतं, रोज सकाळी, दिवा लावून. आता मीच जाऊन सांगू, की ते येणार नाहीत? की ते खोटं होतं? तिकडे ते रिकामं ताट मांडून बसलेत, त्यांना काय कळवू?

"दोन दिवस नकोत," मी म्हटलं. "ती त्यांची आहे."

बाईंनी वहीत लिहिलं. हे उठले, स्कूटरची चावी घेतली आणि पाळीला अजून तासभर अवकाश असताना कामावर निघून गेले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण पुढे कितीतरी वर्षं, आम्ही दोघं जेवायला बसलो की आमच्यामध्ये ते दोन दिवस बसलेले असायचे.

सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात हुकूम झाला. नंतर पासपोर्ट, व्हिसा. वैशाख वद्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची टॅक्सी दाराशी थांबली. पुढच्या सीटवर वन्सं. मागून इंग्रिड उतरली, उन्हानं लालबुंद, फोटोतल्यापेक्षा म्हातारी. पेअर वाकून दारातून आत आला. मी शिरा केला होता, रंजूला नवा फ्रॉक घातला होता, एवढ्याशा केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या. ती आतून आली. त्यांच्याकडे पाहिलं. मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

ती किंचाळली नाही. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि फरशीला कपाळ टेकवलं. मग उठून चार पावलं मागे सरकून उभी राहिली.

इंग्रिड गुडघ्यांवर बसली, हात पसरले. रंजू हलेना. इंग्रिडला वाटलं, ही इथली रीत असेल. तिनंही हात जोडले. दोघी तशाच एकमेकींसमोर, हात जोडून, मधे चार पावलं. पेअर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागला, आणि चष्मा इंग्रिडचा होता, उतरताना तिनं त्याच्या हातात दिलेला.

"शैला, हे काय गं?" वन्सं कुजबुजल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. चार महिने मी त्या पोरीला आईबाप दाखवलेच नव्हते, देव दाखवले होते. देवाला नमस्कार करतात, मागणं मागतात. देवाच्या कडेवर कोण जातं? आणि खरं सांगायचं तर, माझ्या आत कुणीतरी टाळ्या पिटल्या. जात नाही! बघा, जात नाही ती!

रंजू वळून आत धावली. बाहेर आली ती शिऱ्याची वाटी घेऊन. इंग्रिडपुढे फरशीवर वाटी ठेवली, ओल्या बोटानं भोवती पाण्याचं मंडल केलं, रोज मी करते तसं, आणि डोळे मिटून बसली. इंग्रिडनं हसून मान तुकवली, आभार मानल्यासारखी, आणि वाटी उचलून अदबीनं बाजूच्या टेबलावर ठेवायला निघाली. पाहुणे करतात तसं. तिनं ती वाटी तिथे ठेवली असती आणि रंजूनं डोळे उघडले असते, तर समोर पुन्हा न जेवलेला देवच असता.

मी गप्प राहू शकत होते. कुणाला काही कळलं नसतं.

"खा," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत ओरडलेच. "ठेवू नका. आत्ता खा. तिच्या हातानं."

मी रंजूचा हात धरला, चिमूट भरून शिरा उचलायला लावला. इंग्रिडला काही कळलं नाही, पण तिनं तोंड उघडलं. रंजूचे डोळे अजून मिटलेले होते. बोटांना जीभ लागली तेव्हा तिनं ते खाडकन उघडले.

"मावशी!" ती ओरडली. "खाल्लं! हिनं खाल्लं!"

दुसरा घास. तोही खाल्ला. तिसरा पेअरला; तो एवढा मोठा माणूस फरशीवर बसून तोंड उघडून वाट बघत होता, दाढीला तूप लागलं होतं. वाटी संपली तेव्हा रंजू इंग्रिडच्या मांडीवर कधी चढली होती ते मला दिसलं नाही, कारण मला काहीच नीट दिसत नव्हतं. "कुत्रा कुठाय?" तिनं विचारलं. वन्संनी सांगितल्यावर पेअरनं हातवारे करून दाखवलं, कुत्रा घरी दारात बसून वाट बघतोय. रंजूनं समजूतदारपणे मान हलवली.

चारला ते निघाले. ती इंग्रिडच्या खांद्यावर झोपली होती, पायात लाल चप्पल. ह्यांनी बॅग डिकीत ठेवली, डिकी दोनदा लावून पाहिली. गाडी वळल्यावर स्कूटर काढून कारखान्यात गेले. अर्ध्या दिवसाची रजा होती, तरी गेले. लखमी ओट्यावरची चादर गोळा करत होती. ती म्हणाली, "आता पाऊस येल, बेन, फुलं आत घ्या." मी फुलं आत घेतली.

काही वर्षं नाताळात त्यांचं कार्ड यायचं. एकात ती बर्फात उभी होती, टोपीत, दात पडलेले. मग कार्डं विरळ झाली, मग थांबली. तिचं बरं चाललंय म्हणूनच थांबली असणार, असं मी धरून चालते.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना नर्सनं विचारलं, आजी, मुलं किती? मी शून्य म्हटलं. तिनं शून्य लिहिलं. बरोबरच आहे ते.

पण एक दुपार मी कुणाला सांगितलेली नाही. वन्संना नाही, ह्यांनाही नाही. त्या कोर्टाच्या बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. वीज गेलेली, घरात कुणी नाही. रंजू मागच्या खोलीत चटईवर निजलेली, मी शेजारी तांदूळ निवडत होते. स्वप्न पडलं असावं, ती दचकून उठली, घामानं चिंब, आणि थेट माझ्याकडे बघत दोन्ही हात पसरून म्हणाली, "आई."

मावशी नाही. आई.

ओ माझ्या ओठांवर आली होती. ऐकायला घरात भिंतीवरची पालसुद्धा नव्हती. मी तिला उचललं, स्वयंपाकघरात नेलं, तिचं तोंड देव्हाऱ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "आई ती बघ. तिथे आहे."

तिनं झोपाळू डोळ्यांनी फोटोकडे पाहिलं. शहाण्या पोरीसारखे हात जोडले. मग डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, दोन्ही हात माझ्या गळ्यात घट्ट अडकवले आणि पुन्हा म्हणाली, "आई."

मी तिला थोपटत राहिले. म्हटलं, "येणार आहे हं ती. येणारच आहे."